पायांनी वळवायची रिकंबंट सायकल: शिकण्याची रीत

पायांनी वळवायच्या रिकंबंट सायकलीची फ्रेम दोन तुकड्यांची असते. पुढच्या तुकड्यावर पुढचे चाक, क्रँक, पॅडल आणि चेन असते, तर मागच्या तुकड्यावर सीट आणि मागचे चाक. सीटच्या पुढच्या कडेखाली एक तिरका सांधा या दोन तुकड्यांना जोडतो. चालवणारा सीटला पाठ टेकून आणि पाय समोर लांबवून बसतो. त्याचे धड मागच्या तुकड्यावर आणि पाय पुढच्या तुकड्यावर असल्यामुळे पायांचा जोर बदलला की सायकल मधल्या सांध्यावर वळते. वेग देणे आणि दिशा देणे ही दोन्ही कामे पायांकडे जातात. हातांना फक्त ब्रेक आणि गिअर सांभाळायचे असतात.

रेलून चालवायच्या सायकलींना मोठा इतिहास आहे. 7 जुलै 1933 रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशे यांनी बनवलेल्या ‘व्हेलोकार’ या रिकंबंटवर एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापले आणि तासाचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतीच्या सायकलीची व्याख्या अशी आखली की रिकंबंट अधिकृत शर्यतींतून बाहेर पडल्या. त्यानंतर अनेक दशके त्या हौशी कारागिरांच्या हातातच राहिल्या. मधल्या सांध्यावर वळणाऱ्या सायकलींना नेदरलँड्समध्ये ‘फ्लेवोबाइक’ने नाव मिळवून दिले. योहान फ्रिलिंक यांच्या द्रोन्तेन गावातल्या या कारखान्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस अशा सायकली विकायला सुरुवात केली. पुढे जर्मनीच्या युर्गेन मागेस यांनी ‘पायथन’ ही अतिशय बुटकी सायकल तयार केली आणि तिची रचना सर्वांसाठी खुली ठेवली. त्यामुळे आज घरगुती कार्यशाळेत बनणाऱ्या अशा सायकली बहुतेक पायथनच्या वळणाच्या असतात.

याच घराण्यातली अमेरिकेची ‘क्रूझबाइक’ मात्र वेगळी आहे. तिच्यातही क्रँक पुढच्या चाकाबरोबर वळते, पण हँडल असल्यामुळे पायांचा धक्का हातांनी सावरता येतो. मारिया पार्कर यांनी 2013 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत महिलांच्या एकेरी गटात क्रूझबाइकवर जिंकली. सुमारे 4800 किलोमीटरची ही तीच शर्यत, जी 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघातून पूर्ण केली. पॅडलबरोबर पुढचे चाक वळणारी सायकल लांब पल्ल्याला चालत नाही, हा आक्षेप पार्कर यांच्या विजयानंतर टिकत नाही.

शिकायला बसण्यापूर्वी ही सायकल उभी कशी राहते ते समजून घेणे फायद्याचे आहे. साध्या सायकलीचा चिमटा पुढे झुकलेला असतो. हँडलच्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला मिळते. चाक त्या बिंदूच्या मागून ओढले जाते आणि आपोआप सरळ होऊ पाहते. पायथनमध्ये नेमके उलट असते. सांध्याची रेषा टायर टेकण्याच्या जागेच्या बरीच मागे जमिनीला मिळते. या सायकलीला सरळ करण्याचे काम चालवणाऱ्याचे वजन करते. पुढचा तुकडा वळला की सीट किंचित वर उचलली जाते, आणि वजन तिला पुन्हा खाली, म्हणजे मधल्या स्थितीत आणते. अशी उलटी मांडणी स्थिर राहू शकते का, ही शंका रास्त आहे. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचे उत्तर दिले. फिरत्या चाकाचा परिणाम रद्द केलेली आणि टायर टेकण्याची जागा रेषेच्या किंचित पुढे ठेवलेली एक प्रायोगिक सायकल त्यांनी बनवली. ढकलून सोडल्यावर तीही स्वतःचा तोल सावरत पुढे जात होती. वजन कुठे आणि किती ठेवले आहे यावर सायकलीचा तोल पुष्कळ अवलंबून असतो, हे त्यातून दिसले.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिशेची. उजव्या पायाने पॅडल पुढे ढकलले की पुढच्या तुकड्याची उजवी बाजू पुढे जाते आणि सायकल डावीकडे वळते. डाव्या पायाने ढकलले की ती उजवीकडे वळते. दुसरी गोष्ट तोलाची, आणि बहुतेक पडझड तिच्यामुळेच होते. कोणतीही सायकल ज्या बाजूला कलू लागते त्याच बाजूला वळवली की सावरते. माणूस मात्र डावीकडे पडू लागला की डावा पाय ताठ करून आधार शोधतो. पाय पॅडलवर असताना तो ताठ झाला की डावे पॅडल ढकलले जाते, सायकल उजवीकडे वळते आणि पडणे आणखी लवकर होते. म्हणून नव्या चालवणाऱ्याची सायकल एकाएकी पायाखालून निसटल्यासारखी आडवी होते. सायकलीत खोट आहे असे त्याला वाटते. खरे कारण ताठ झालेला पाय असतो.

घाबरल्यावर पाय ताठ करायचा नाही, एवढे शिकणे म्हणजे निम्मे शिक्षण. ते पॅडल मारत मारत होत नाही. पॅडल मारताना पाय आधीच जोर लावत असतात आणि त्यातला कोणता जोर वेगासाठी होता व कोणता दिशेसाठी, हे मेंदूला उलगडत नाही. त्यामुळे तोल आधी आणि पॅडल नंतर हा क्रम मोडू नये. नाद सोडून देणाऱ्यांनी बहुधा हाच क्रम उलटा केलेला असतो.

मराठवाड्यात दांडीच्या मोठ्या सायकलीवर लहानपणी कैची मारून शिकलेली एक पिढी आहे. दांडीखालून पाय घालून, सीटवर न बसता, शरीर एका बाजूला लटकवून ही मुले सायकल चालवत. तोलासाठी एक ठरावीक बैठक लागत नाही, शरीर नवी बैठक आपोआप पकडते, हे त्यांनी अनुभवलेले असते. पायांची सायकल शिकताना हा अनुभव उपयोगी पडतो. अमेरिकन अभियंता डेस्टिन सँडलिन यांचा 2015 मध्ये गाजलेला प्रयोगही इथे आठवावा. हँडल उलटे वळवावे लागेल अशी सायकल शिकायला त्यांना आठ महिने लागले. त्यांच्या लहान मुलाला दोन आठवडे पुरले. त्या सायकलीत हातांना आपली जुनी सवय मोडावी लागत होती. पायांच्या सायकलीत हातांना वळवण्यासारखे काही ठेवलेच नाही, तर सवय मोडण्याचा प्रश्न येत नाही. त्यामुळे सरावाच्या काळात हातांच्या मुठी सीटच्या दोन्ही बाजूंना, मागच्या तुकड्यावर पक्क्या बसवलेल्या असाव्यात. पुढच्या तुकड्याला मदतीचा दांडा जोडला, तर हात चोरून वळवत राहतात आणि पाय शिकत नाहीत.

अशी सायकल जालना जिल्ह्यातल्या सायकल दुकानात तयार मिळण्यासारखी नाही. ती बनवून घ्यावी लागते. जालना शहराचे नाव सळयांच्या कारखान्यांमुळे देशभर आहे, पण सळई भरीव आणि जड असते. फ्रेमला दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा पोकळ चौकोनी पाइप लागतो. भंगारात निघालेल्या गिअरच्या सायकलीचा मागचा अर्धा भाग, चाक आणि फ्रीव्हीलसह, पुढे बसवता येतो. पायथनचे अनेक कारागीर असेच करतात. यामुळे चेन नेहमीच्या लांबीच्या आसपासच राहते आणि सीटखालून लांब फिरवावी लागत नाही. मधल्या सांध्यासाठी दणकट सायकलीचा पुढचा नळकांड्याचा भाग, त्यातल्या कप-कोनासह, वापरतात. सर्व वजन आणि सर्व पिळवटणारा जोर याच सांध्यावर येतो, त्यामुळे काटकसर इथे करू नये. खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडच्या जाड रॉडच्या वेल्डिंगने सायकलीच्या पातळ पाइपला सहज भोक पडते. सांध्याचे वेल्डिंग पातळ पत्र्याचे काम रोज करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तंत्रनिकेतनातल्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प म्हणूनही घेता येतो. ‘एफिसायकल’सारख्या स्पर्धांमुळे पाठ टेकून चालवायच्या तीनचाकी गाड्या बनवण्याची ओळख त्यांच्यात झालेली आहे.

सायकल हाती आली की पहिले काम मापाचे. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत लांब नेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हावा, पण कंबर सीटवरून घसरू नये. अंतर कमी राहिले तर गुडघे दुखतात. जास्त झाले तर प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवी सरकते आणि सायकल नागमोडी जाते. सीटची पाठ सुरुवातीला जास्त उभी ठेवावी. सरळ बसले की जमीन दिसते, पाय चटकन खाली टेकतात आणि मान अवघडत नाही. तोल बसल्यावर पाठ हळूहळू मागे न्यावी. सांध्याला दोन्ही बाजूंनी अडवणारा एखादा मजबूत पट्टा किंवा ठोकळा असावा. तो नसला तर थांबताना पुढचा तुकडा पूर्ण दुमडून पाय फ्रेममध्ये अडकू शकतो. काही कारागीर सांधा मध्यावर आणण्यासाठी रबर किंवा स्प्रिंग लावतात. पहिल्या दिवसांत त्याने आधार वाटतो, पण ते फार ताठ असू नये. ब्रेक दोन्ही चाकांना असावेत आणि जागेवर उभ्या सायकलीला ढकलून ते आधी तपासावेत.

सरावाची जागा निवडताना रुंदी, पृष्ठभाग आणि उतार या तिन्हींकडे बघावे. जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदन या गावांच्या कडेला प्लॉटिंग पडलेले नवे ले-आऊट असतात. आतले रस्ते झालेले असतात, घरे मात्र अजून उभी राहिलेली नसतात. सकाळच्या वेळी यासारखी सोयीची जागा दुसरी नाही. शाळेचे मैदानही चालते, पण मुरमाचे असल्यास त्यावरची सुटी खडी आधी झाडून घ्यावी, कारण जोर पुढच्या चाकावर असतो आणि ते खडीवर घसरते. बाजार समितीचे आवार सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन वापरता येईल. उतार इतकाच असावा की पाय उचलल्यावर सायकल आपोआप चालू लागेल आणि माणसाच्या धावण्याच्या वेगापलीकडे जाणार नाही. उताराच्या शेवटी सपाट जागा लागते. तिथे नाला, विहीर किंवा रस्ता नसावा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याकाठचा रस्ता सपाट आणि निर्मनुष्य दिसतो म्हणून मोह होतो. पण पहिल्या आठवड्यांत सायकल कुठे वळेल याचा नेम नसतो, त्यामुळे पाण्याच्या कडेने सराव करूच नये.

हंगामही पाहावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शिकण्याचा काळ. पावसाळ्यात रस्त्याकडेची काळी माती चाकाला आणि ब्रेकला चिकटून बसते, आणि मऊ कडेवर गेलेले चाक बाहेर काढता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. रेलून बसणाऱ्याच्या तोंडावर थेट ऊन येते आणि बुटक्या सायकलीवर डांबराची धगही लागते. उन्हाळ्यात शिकायचेच असेल तर सूर्य वर येण्याआधी सराव आटोपावा आणि पुढे कड असलेली टोपी हेल्मेटखाली घालावी.

कपड्यांत पायघोळ काही नको. चेन आणि क्रँक गुडघ्यांच्या समोर असल्याने ओढणी, धोतराचा सोगा किंवा सैल पायजमा थेट दातांत जातो. पूर्ण बाह्या, जाड पँट, घट्ट बूट, हातमोजे, हेल्मेट आणि कोपरांचे गार्ड एवढे घालावे. या सायकलीवरचे पडणे कमी उंचीवरून आणि बाजूला असते. मोठी इजा बहुधा आधारासाठी ताणलेल्या हाताला होते. पडताना हात मुठींवरच ठेवून खांद्याच्या आणि मांडीच्या बाजूने जमिनीवर जाणे बरे. सुरुवातीला गवतावर उभ्या सायकलीवरून मुद्दाम हळूच आडवे होऊन पाहिले तर भीती बरीच कमी होते.

सरावाचा पहिला टप्पा पॅडलाविना असतो. उताराच्या वर सायकल सरळ उभी करून सीटवर बसावे, दोन्ही पाय जमिनीवर ठेवावेत आणि ब्रेक सोडावा. पायांनी हलके रेटत, पावले टाकत खाली यावे. अनुभवी मदतनीस असेल तर त्याने सीटची पाठ धरावी. पुढचा तुकडा कोणी धरू नये, कारण धरणाऱ्याच्या हाताने सायकल वळली की शिकणाऱ्याला काहीच कळत नाही. पावले टाकण्याची सवय झाली की पाय जमिनीपासून थोडे उचलून सायकल सोडून पाहावी. या वेळी पायांचे वजन सांध्यावर नसते, म्हणून सायकल डगमगते; ते स्वाभाविक आहे. नंतर दोन्ही पाय पुढच्या तुकड्याच्या आडव्या पाइपवर किंवा स्थिर ठेवलेल्या पॅडलवर ठेवावेत आणि क्रँक न फिरवता खाली यावे. वळण पायांनी कसे होते ते इथे पहिल्यांदा कळते. एक टाच किंचित पुढे दाबली की सायकल दुसऱ्या बाजूला वळते. दाब अगदी हलका द्यावा. नजर पुढे वीस-पंचवीस पावलांवर असावी. चाकाकडे पाहिले की मान वाकते, खांदे ताठ होतात आणि सायकल वाकडी जाते.

या टप्प्यात बराच वेळ जातो आणि जाऊ द्यावा. पहिल्या दिवशी काही फूट सरळ जाणे हीच मजल असते. चढणीवर चालत येणे त्रासदायक वाटते, पण त्यात मेंदूला विश्रांती मिळते. एकावेळी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त सराव करू नये. दमलेले पाय ताठ होतात आणि ताठ पायांनी तोल जातो. रोज थोडा सराव झोपेनंतर मुरतो. आठवड्यातून एकदा दिवसभर घाम गाळण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक कामाचा ठरतो.

उतार न थांबता आणि न पडता पार होऊ लागला की पॅडल घ्यावे. गिअर मधला ठेवावा. फार हलक्या गिअरमध्ये पाय भर्रकन फिरतात आणि सायकल थरथरते. जड गिअरमध्ये प्रत्येक दाबाला ती नागमोडी जाते. एक पाय वरच्या पॅडलवर, दुसरा जमिनीवर ठेवून जमिनीवरच्या पायाने ढकलावे आणि तो पाय लगेच पॅडलवर घ्यावा. पहिला दाब सावकाश द्यावा. त्याने सायकल एका बाजूला वळणारच. ते वळणे दुसऱ्या पायाच्या दाबाने भरून काढता येते हे काही फेऱ्यांत उमगते. दोन्ही पाय एकाच क्षणी सारखा जोर देत नाहीत. एक ढकलत असताना दुसरा हलका विरोध करत असतो. ही वाटणी जमली की नागमोड नाहीशी होते. पॅडलला पाय बांधणारे पट्टे किंवा कुलुपाचे बूट सुरुवातीला वापरू नयेत. पाय मागे ओढता येण्याचा फायदा नंतर मिळतो. आधी पाय मोकळा सुटणे महत्त्वाचे.

वेगाबद्दल एक गैरसमज दूर करावा. हळू चालवणे सुरक्षित असते असे वाटते, पण बुटकी सायकल हळू चालवताना जास्त डगमगते. वजन जमिनीजवळ असले की कलण्याचा वेग वाढतो आणि सावरायला वेळ कमी मिळतो. चालण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगात ती शांत होते. सर्वांत कठीण असते ते जागेवरून निघणे आणि अगदी हळू वळणे. त्यामुळे या दोन गोष्टींचा सराव सर्वांत शेवटी, पण सर्वांत जास्त करावा.

वळणांसाठी ले-आऊटच्या चौकात दोन दगड पंधरा-वीस पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती मोठे वर्तुळ घ्यावे. आधी सोप्या बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि मग दोन्ही दगडांभोवती आठचा आकडा काढावा. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. त्याच बाजूला जास्त वेळ द्यावा. वळताना आतल्या बाजूचा गुडघा जवळ येतो आणि बाहेरचा पाय लांबतो. वळण फार घट्ट झाले तर पॅडल मारणे थांबवावे. चढावर पुढच्या चाकावरचे वजन कमी होते आणि सुट्या खडीवर ते जागेवरच फिरू लागते. अशा वेळी पाठ सीटवरून पुढे आणावी, जोर एकसारखा ठेवावा आणि झटका देऊ नये. तरीही चाक फिरतच राहिले तर उतरून चालावे.

थांबताना होणारी एक इजा रिकंबंट चालवणाऱ्यांत सर्वत्र ओळखीची आहे. सायकल चालू असतानाच पाय खाली टेकला तर जमीन त्याला मागे ओढते आणि पाय सीटखाली जाऊन घोटा किंवा पोटरी मुरगळते, कधी मोडतेही. पाय पॅडलवरून काढायचा तो सायकल जवळजवळ थांबल्यावर, आणि टेकायचा तो सीटच्या पुढे. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबावेत. वळणावर पुढचा ब्रेक एकट्याने दाबू नये. पायी ढकलतानाही सवय लागते. ही सायकल सीट धरून ढकलली की पुढचा तुकडा वाटेल तिथे वळतो. म्हणून सीटच्या मागे उभे राहून ती थोडी कलती धरावी, किंवा उलटी, मागचे चाक पुढे करून न्यावी.

रस्त्यावर जाण्याआधी चार गोष्टी सहज जमल्या पाहिजेत: सांगितलेल्या ठिकाणी थांबणे, एका अरुंद पट्ट्यातून सरळ जाणे, नेहमीच्या रस्त्याच्या रुंदीत वळून परत येणे, आणि रेषा न सोडता मागे पाहणे. मान पूर्ण मागे वळत नाही म्हणून डाव्या-उजव्या मुठीवर आरसा लावावा. बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा उंच काठीवर रंगीत झेंडा असावा. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या आणि मालट्रकच्या चालकाला उंच केबिनमधून बुटकी सायकल दिसत नाही. संध्याकाळी पुढे-मागे दिवे लावावेत. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण त्यावर सायकलींना बंदी आहे. जालना–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरही नव्याने शिकलेल्याने जाऊ नये. आधी गावाला जोडणारे आतले रस्ते, तेही सकाळी.

जिल्ह्यातल्या रस्त्यांवर काही धोके हंगामाप्रमाणे येतात. सोयाबीन निघाल्यावर आणि पुढे तुरीच्या हंगामात शेतकरी मळणीसाठी पीक रस्त्यावर पसरवतात. मोठ्या गाड्यांना त्याचे काही वाटत नाही, पण पुढच्या चाकाने ओढल्या जाणाऱ्या सायकलीला काड आणि दाणे निसरडे ठरतात. समोर काड दिसले की वेग आधीच कमी करावा, ब्रेक न लावता आणि न वळता सरळ पार व्हावे. काड दाट असेल तर उतरावे. बाभळीचे काटे तर रस्ताभर असतात, म्हणून पंक्चरचे सामान आणि पंप जवळ ठेवावा. वाडीवस्तीवरची कुत्री अनोळखी सायकलीवर भुंकत येतात, आणि बुटक्या सायकलीवर चेहरा त्यांच्या उंचीला असतो. वेग वाढवून पळण्याचा प्रयत्न केला तर पाय ताठ होऊन पडायला होते. थांबावे, पाय टेकावेत आणि सायकल मध्ये ठेवून शांत उभे राहावे. बहुतेक कुत्री मागे फिरतात.

कोणी रस्त्यात थांबून ‘एक चक्कर द्या’ म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. साधी सायकल उत्तम चालवणारा माणूस या सायकलीवर पहिल्या क्षणीच पडतो, आणि डांबरावर पडलेला पाहुणा ही चालवणाऱ्याची जबाबदारी असते. उत्सुक माणसाला ले-आऊटवर बोलवावे आणि पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करून द्यावी. मानेचे, कंबरेचे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असणाऱ्याने शिकण्याआधी डॉक्टरांना विचारावे. पाठीला आधार मिळतो म्हणून ही सायकल अनेकांना आवडते, पण मान पुढे धरावी लागते आणि जोर गुडघ्यावर येतो.

बहुतेकांना पॅडलाविना उतार पार करायला काही दिवस, आणि सपाट रस्त्यावर निर्धास्त चालवायला काही आठवडे लागतात. त्यानंतरही दांडीची सायकल घरात असू द्यावी. पोते, दूध, चिखल आणि आठवडी बाजार यांसाठी तीच योग्य आहे. पायांची सायकल मोकळ्या, कोरड्या आणि लांब रस्त्यासाठी घ्यावी.